जेवणानंतरचं मौन

अहो,

तुम्ही होता तेव्हा तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. माहेरी गेले तरी आठवडा संपायच्या आत तुम्ही दारात हजर, 'दुकानाचं काम हुतं हिकडं' असं खोटंच सांगत. आता लिहितेय, कारण समोरासमोर बोलायची सोय उरली नाही आणि गप्प बसणं मला जमेना.

काल पारूनं तोंडात आलेलं गिळलं.

नीट सांगते. काल दुपारी जेवणं झाली. ताटं धुऊन त्यातलं पाणी पिऊन झालं आणि नेहमीसारखे सगळे डोळे मिटून, ओठ मिटून बसले. आपल्या घरात त्याला 'आप्पांचं मौन' म्हणतात आता. तुम्ही गेल्यावर आपल्या लेकानं, मल्लूनं सुरू केलंय. पारूला सकाळपासून कणकण होती. मी तिच्या समोरच होते. बघता बघता पोरीचा चेहरा उतरला, गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं. तिला उलटी होत होती! मी गुडघ्यावर हात टेकून उठेपर्यंत तिनं ती परत आत ढकलली. नंतर जवळ घेऊन विचारलं, तर सहा वर्षांची पोर मला सांगते, "आजोबांचं मौन मोडायचं नसतंय की, आज्जी."

तिचा तो इवलासा गळा वर गेला आणि खाली आला. तसा गळा हललेला मी पूर्वी फक्त एका माणसाचा पाहिलाय.

म्हणून तुम्हाला दिलेला शब्द मी आता मोडणार आहे. तुम्हाला न सांगता मोडणं बरं दिसत नाही, म्हणून हे पत्र. रागावू नका. आणि रागावलात तरी आता करणार काय?

आठवतंय का, हे सगळं दुष्काळात सुरू झालं. रेशनवर ती लाल मिलो मिळायची. तिच्या भाकरीला चव नव्हती की लवचिकपणा नव्हता, थापताना कडा फुटायच्या. तुम्ही दुसऱ्याच घासाला पाण्याचा तांब्या उचलायचा. "ही असली ज्वारी घशाखाली उतरत न्हाई बघ," म्हणायचा. मला त्यात काय वाटणार? अख्ख्या नव्या पेठेत जो तो हेच म्हणत होता! सगळ्या सोलापूरच्या घशाखाली ती उतरत नव्हती, त्यात तुमचा एकट्याचा घसा मी कसा ओळखायचा?

पुढं पाऊस झाला, बाजारात आपली शाळू ज्वारी आली, सगळ्यांचे घसे मोकळे झाले. तुमचा झाला नाही. मी मऊसूत भाकरी करायची, तुम्ही ती आमटीत कुस्करायचा, आणि तरी तांब्या उचलायचा. "आता काय झालं?" विचारलं की म्हणायचा, "सवय लागली मिलोची." हसले होते मी तेव्हा.

मग तो आवाज सुरू झाला. पाणी प्यायलात की मानेच्या डाव्या बाजूला गुडगुड वाजायचं. पहिल्यांदा मला वाटलं पोट वाजतंय. पण आवाज वरून येत होता, कॉलरच्या आतून. दुकानात खण दाखवताना गिऱ्हाईक बायका एकमेकींकडे बघायच्या म्हणे, मल्लूनंच सांगितलं होतं. आडवं पडलात की तो आवाज वाढायचा, मग ठसका, मग उठून बसणं. माझी झोप त्या आवाजाच्या अलीकडं पलीकडं व्हायला लागली.

आणि त्याच सुमाराला तुमचं मौन सुरू झालं.

जेवण झालं की तुम्ही पाटावरून उठेनासे झालात. पाठ ताठ, डोळे मिटलेले, ओठ घट्ट. कुणी काही विचारलं तर नुसता हात वर करायचा. अधूनमधून गळा हलायचा. आम्ही समजलो जप चाललाय! का नाही समजणार? सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारा माणूस, पानात शीत न टाकणारा माणूस, जेवणानंतर डोळे मिटून बसला तर आपल्यात दुसरं काय समजतात? अक्कलकोटचे तुमचे चुलतभाऊ आले होते, ते तर बघत राहिले. जाताना पाया पडून गेले. पेठेतल्या दोनचार जणांनीही पाहिलं. मी ट्रान्झिस्टर बंद करायची, भांडी हळू ठेवायची, पोरांना दटावायची. मला मिरवायलाही आवडत होतं, खोटं कशाला बोलू? माझा नवरा साधनेला लागलाय, असं बायकांत सांगताना माझी मान वर असायची.

एवढं सगळं तुम्ही मिटल्या डोळ्यांनी ऐकत होता ना? मग एकदाही तुम्हाला बोलावंसं वाटलं नाही?

तुम्ही वाळत चालला होता. सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. खोकला जाईना, ताप येऊन जाऊन. पेठेतल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला, त्यात खालच्या बाजूला डाग निघाला. क्षय असेल म्हणाले. मग रोज इंजेक्शन. सुई टोचून टोचून दंडावर जागा उरली नाही. त्यांची तरी काय चूक? त्यांनी माझ्यासमोर विचारलं होतं, "उलटी वगैरे होते का?" आणि तुम्ही स्टुलावर बसून शांतपणे म्हणालात, "न्हाई."

तुमच्या हिशोबानं ते खरंच होतं. बाहेर काही पडत नव्हतं, मग उलटी कसली? हे मला फार उशिरा कळलं.

इंजेक्शनांनी काही फरक पडेना तेव्हा शेजारपाजारचे कुजबुजायला लागले की गळ्याचा कॅन्सर असणार. तो शब्द मी घरात कुणाला उच्चारू दिला नाही. मल्लू दुकान सोडून येऊ शकत नव्हता, म्हणून मीच टांगा बोलावला आणि तुम्हाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. वाटेत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मौन असावं असं टांगेवाल्याला वाटलं, मला ते रागावणं आहे हे ठाऊक होतं.

तिथले घशाचे डॉक्टर आठवतात? जाड भिंगाचे, सावकाश बोलणारे. त्यांनी आधी तुम्हाला नुसतं पाणी प्यायला लावलं आणि छातीला लावायची ती नळी मानेला लावून ऐकत बसले. मला हसूच आलं. मग त्यांनी डाव्या बाजूला, मानेच्या खालच्या अंगाला, बोटं ठेवली आणि हलकेच दाबलं. गुडूक! अख्ख्या खोलीनं ऐकलं. तुमचे गाल किंचित फुगले. ओठ मिटले. डोळे मिटले. गळा वर गेला, खाली आला.

तेच! आमच्या पाटावरचं तेच तुमचं मौन, डॉक्टरांच्या बोटाखाली, भर सकाळी.

"काय गिळलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय न्हाई."

"तोंड उघडा बघू."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी काय करणार? तुम्ही तोंड उघडलं. जिभेवर मटकीचा एक दाणा होता, मोड आलेला, जसाच्या तसा.

"आज काय खाऊन आलात?"

"दवाखान्यात यायचं म्हणून उपाशीच आलेत ते," मी म्हटलं. "मटकी काल दुपारी केली होती."

डॉक्टर खुर्ची ओढून तुमच्यासमोर बसले. आवाज अजिबात चढवला नाही. "किती दिवस असं वर येतंय?"

"मिलोपासनं."

"मग थुंकत का नाही?"

"परसाद हाय तो," तुम्ही म्हणालात. "लिंगाला दावून घेतलेला. थुंकायचा कसा?"

मी भिंतीला टेकले. तुम्ही जप करत नव्हता. रोज, आम्ही सगळे हात जोडून बसलेले असताना, कालचं अन्न तुमच्या तोंडात परत येत होतं आणि तुम्ही ते परत गिळत होता. माझ्याच हातचं अन्न! मला त्या क्षणी तुमचा इतका राग आला की दवाखाना नसता तर मी ओरडले असते. आणि त्याच क्षणी तुमची इतकी दया आली की पुढं डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना दोनदा सांगावं लागलं.

ते म्हणाले, घसा संपून अन्ननलिका जिथं सुरू होते तिथं एक स्नायू असतो. गिळताना तो वेळेवर सैल व्हायला हवा. ह्यांचा होत नाही. मग गिळण्याचा दाब मागच्या बाजूच्या कच्च्या जागेवर येतो आणि आतलं अस्तर तिथून बाहेर फुगतं. तिथं आता पिशवी तयार झालीय. घास आधी त्या पिशवीत पडतो, पिशवी भरली की अन्ननलिकेला दाबते, आणि आडवं झालं की सगळं उलटं येऊन थोडं श्वासनळीत उतरतं. खोकला त्याचा, ताप त्याचा, छातीतला डागही बहुतेक त्याचाच. "सदऱ्याला खिसा असतो तसं समजा," ते म्हणाले. "पण खात्री करायला फोटो लागेल."

त्या फोटोच्या दिवशी तुम्ही मला हसवलंत मात्र! पांढरं, खडूच्या पाण्यासारखं औषध प्यायचं होतं, ते पिताना पडद्यावर दिसतं म्हणे कुठं जातंय ते. तुम्ही पेला हातात घेतला आणि थांबला. गळ्यातली चांदीची डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, पेला त्याला दाखवला, मग म्हणालात, "आता व्हय." फोटो काढणारा माणूस अंधाऱ्या खोलीत तोंड उघडं टाकून बघत होता. मी हळूच म्हटलं, "खडूचा पण परसाद झाला का?" तर म्हणे, "घशातनं उतरायचं त्याला इचारल्याबिगर न्हाई."

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून मला दाखवला. मणक्यांच्या पुढं एक गोल पांढरी पिशवी लोंबत होती, लिंबाएवढी, आणि तिच्या पुढून अन्ननलिकेची बारीक रेघ कशीबशी खाली गेली होती. मी तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं तुमच्याशी संसार केला, तुमच्या अंगावरचा तीळ न तीळ मला ठाऊक, आणि ही जागा तुम्ही माझ्यापासून लपवून ठेवली होतीत.

ऑपरेशन ठरलं. मानेच्या डाव्या बाजूला चीर द्यायची, पिशवी कापून तिथं टाके घालायचे, आणि तो अडेलतट्टू स्नायू चिरून सैल करायचा. आवाजाची नस शेजारूनच जाते, आवाज बसू शकतो, टाक्यातून गळलं तर ताप चढेल, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. तुम्ही सगळ्याला मान डोलावली. मग ते म्हणाले, "भूल द्यायच्या आधी पिशवी पूर्ण रिकामी हवी. पाणी पिऊन, मान दाबून, सगळं बाहेर थुंकायचं. आत काही राहिलं तर भूल चढताना सरळ फुफ्फुसात जाईल. मग माझ्या हातात काही उरणार नाही."

"बेडा," तुम्ही म्हणालात.

हट्टाला पेटलात की तुम्ही कानडीत शिरायचा, हे डॉक्टरांना काय ठाऊक! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "नको म्हणताहेत."

"थुंकायला नको?"

"आपरेशनच नगं," तुम्ही म्हणालात आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झालात. आडवं होताच ती गुडगुड आणि तो ठसका. त्या वॉर्डातल्या लोखंडी खाटेशेजारी बसून मी तुमची पाठ बघत होते. सदऱ्यातून मणके मोजता आले असते. थुंकलात तर तुमचा नेम मोडतो, नाही थुंकलात तर तुम्ही जाता. आणि तुम्हाला यातलं काय निवडायचं ते ठरलेलंच होतं जणू! माझं काय होईल हा विचार त्यात कुठं होता हो? होता का?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी उन्हं कलताना मी घरून पितळेची वाटी घेऊन आले. तुम्हाला उठवून बसवलं, खाटेला आडोसा ओढला. वाटीत बेलाचं पान ठेवलं.

"टाकायला कुणी सांगितलंय?" मी म्हटलं. "टाकू नका. मला द्या. मी मातीत ठेवते, कडुलिंबाखाली. निर्माल्य आपण कचऱ्यात टाकतो का?"

तुम्ही वाटी जवळ ओढलीत. मग डबीला हात लावलात, घोटभर पाणी प्यालात, आणि स्वतःच्या बोटांनी मान दाबलीत.

ते जे आलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. भाकरीचे तुकडे होते, भाताची शितं होती, एक अख्खा शेंगदाणा होता. मी ओळखलं सगळं. दोन दिवस तर तुम्हाला नुसती पेज होती, म्हणजे शेंगदाणा त्याच्याही आधीचा. पाणी पाजायचं, तुम्ही दाबायचं, मी वाटी धरायची, असं पाणी निवळ येईपर्यंत चाललं. वास येत होता. मी तोंड फिरवलं नाही.

"पयलं माझ्या तोंडाचा वास आला की फिरवायचीस," तुम्ही म्हणालात. "कळायचं मला."

तुमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते दाबल्यामुळं होतं असं दाखवायचा तुमचा प्रयत्न चालला होता. मग तुम्ही माझं मनगट धरलंत. "मल्लूला सांगू नगंस. कुणालाच नगं. माणसं पाया पडत हुती की गं."

मी शब्द दिला. त्या वेळी तुम्ही काहीही मागितलं असतं तरी दिलं असतं. घरी मल्लूला एवढंच कळलं की आप्पांच्या घशात गाठीसारखं काही होतं, ते काढलं. मौनाचा आणि त्याचा काही संबंध आहे हे आजही त्याला ठाऊक नाही.

वाटीतलं सगळं कडुलिंबाखाली पुरलं. माती सारखी केली, वर पान ठेवलं, हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अडलं. गळ्यात काही चालणार नाही, डबी काढा म्हणून नर्सनं हात पुढं केला. तुम्ही डबी मुठीत आवळून बसलात. डॉक्टर बाहेर आले, बघितलं, आणि म्हणाले, "लिंग डाव्या तळहातात द्या त्यांच्या. मूठ मिटून वरून पट्टी बांधा. सलाईन उजव्या हाताला लावू." तुम्ही एवढे खूश झालात! नर्सनं लिंग तळहातावर ठेवलं, बोटं मिटली, पांढरी पट्टी गुंडाळली. स्ट्रेचर हललं.

आपल्यात माणसाला समाधी देताना असंच करतात हो. बसवतात, आणि लिंग डाव्या तळहातात ठेवतात. माझे सासरे असेच गेले, माझे वडील असेच गेले. पांढऱ्या पट्टीतली ती मूठ छातीवर ठेवून तुम्ही निघाला होता आणि मला दिसत होतं ते सगळं पुढचं. थांबवा म्हणून ओठांवर आलं. तुम्ही मान वळवून म्हणालात, "तू जेवून घे." आणि दार लागलं.

मी जेवले नाही. दाराबाहेर बाकावर बसून राहिले.

तुम्ही परत आलात! नाकात नळी, मानेला पट्टी, रंग राखेसारखा, पण आलात. पहिला शब्द निघाला तो इतका घोगरा की मला वाटलं दुसराच कुणी बोलतोय. तो घोगरेपणा थोडा शेवटपर्यंत राहिला. नळी निघाल्यावर डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं पाणी पाजलं आणि आम्ही दोघं कान देऊन ऐकत होतो. काही नाही. आवाजच नाही! पाणी गेलं ते गेलं. तुम्ही डॉक्टरांच्या हाताला हात लावून कपाळाला लावलात.

घरी आल्यावर तुम्ही अख्खी भाकरी खाल्लीत, तांब्या न उचलता. अंगावर मांस धरलंत, दुकानात उभं राहायला लागलात, दंडावरचे सुयांचे डाग गेले. झोपलात तर झोपलात, हालचाल नाही. मला मात्र झोप येईना. ती गुडगुड चालू असायची तेव्हा तुम्ही आहात हे कळायचं. आता एवढी शांतता, की मी तुमच्या नाकापुढं बोट धरून बघायची. एकदा तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "हाय मी. झोप."

सगळं नीट झालं होतं. मग ते मौन का सोडलं नाहीत?

घरी आलात त्या पहिल्याच आठवड्यात, जेवण झालं, ताट धुऊन पाणी प्यालात, आणि पाटावर ताठ बसून डोळे मिटलेत. मी स्वयंपाकघरातून बघत होते. परत सुरू झालं की काय? एकटे सापडलात तेव्हा विचारलं, "वर येतंय का काही?"

"न्हाई गं. काईच येत न्हाई."

"मग कशाला बसता तसं?"

तुम्ही ओशाळून हसलात. "माणसं बघतात की. एकदम उठलो तर इचारतील, आप्पा, तुमचं मौन कुटं गेलं?"

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. बसू दे, म्हटलं, कुणाचं काय जातंय! निदान आता खरोखरचा जप तरी करा, असंही म्हटलं. करत होता का हो? सांगितलं नाहीत कधी.

आता त्या रविवारचं लिहिते. लिहायचं नव्हतं, पण त्याच्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही.

अक्कलकोटची मंडळी आली होती. गव्हाची गोड हुग्गी केली होती, तुम्ही दोनदा मागून घेतलीत. जेवणं झाली. तुम्ही डोळे मिटले. समोर मल्लू, भाऊबंद, त्यांची पोरं, सगळी हात जोडून. मी दाराच्या चौकटीत. बराच वेळ गेला. नेहमीपेक्षा जास्त गेला. एक चुलतदीर दुसऱ्याच्या कानात म्हणाला, "आज समाधी लागली आप्पांना." पोरं चुळबुळायला लागली, त्यांना डोळ्यांनी दटावलं. मल्लूनं उठून पंखा हळू केला.

मी तुमचा गळा बघत होते. तो स्थिर होता. पण तुमचा गळा तर ऑपरेशनपासून स्थिरच असायचा! पूर्वीचा तो वाजणारा, हलणारा, नासका गळा असता तर मला दारातून कळलं असतं.

मग तुमची हनुवटी हळूच छातीला टेकली आणि तरीही थोडा वेळ सगळे तसेच बसून होते.

डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, क्षणात गेले असतील, त्रास झाला नसेल. 'असतील', 'नसेल'. मल्लूला आणि भाऊबंदांना ते पुरलं. आप्पा ध्यानात लिंगैक्य झाले, असं भाग्य कुणाला मिळतं, असं लोक आजही येऊन सांगतात. मल्लू ऐकताना भरून पावतो. आणि त्या दिवसापासून या घरात जेवणानंतर सगळे डोळे मिटून बसतात.

मी पण बसते. आणि मिटल्या डोळ्यांत मला एकच दिसतं. तुमच्या छातीत कळ आली होती का हो? तुम्हाला हाक मारायची होती का? 'अगं' एवढं म्हटलं असतं तरी मी धावले असते. की इतके जण हात जोडून बसलेत, मौन मोडायचं कसं, म्हणून तुम्ही तीही गिळलीत? वर आलेलं गिळायची तुम्हाला किती सवय होती ते या घरात फक्त मला ठाऊक आहे. म्हणून हा प्रश्नही फक्त मलाच पडतो, रोज दुपारी, जेवण झालं की.

आणि अलीकडे दुसरंच काही होतंय. सगळे गप्प झाले, बाहेरची वर्दळही जरा थांबली, की तुमच्या रिकाम्या पाटाकडून मला ते ऐकू येतं. गुडगुड. मोरीतलं पाणी असेल म्हणून मी एकदा मोरी पाहून आले, कोरडी होती. डोळे उघडून बघते तर कुणाच्याच चेहऱ्यावर काही नाही. म्हणजे एकट्या मलाच ऐकू येतं. काय म्हणायचंय तुम्हाला? तेव्हा बोलला नाहीत, आता कशाला वाजता?

कालपर्यंत मी हे सोसलं. माझं मी बघून घेतलं असतं. पण काल पारूचा गळा हलला. उद्या तिच्या घशात दाणा अडकला तर? पोटात कळ आली तर? सहा वर्षांची पोर आजोबांसाठी गप्प बसून राहील आणि आम्ही मोठी माणसं डोळे मिटून तिच्या शेजारी बसलेलो असू! नाही. तुमचा मान मोठा, पण एवढा मोठा नाही.

म्हणून उद्या दुपारी, ताटं धुऊन पाणी पिऊन झालं की, मी मल्लूला सगळं सांगणार आहे. मटकीच्या दाण्यापासून पितळेच्या वाटीपर्यंत सगळं. तो चिडेल. रडेल. अव्वा, आप्पांची अब्रू घालवलीस, असंही म्हणेल. म्हणू दे. बापाला देव करून पाटावर बसवण्यापेक्षा, आपल्या बापानं अन्नाचा केवढा मान राखला आणि त्यापायी काय सोसलं, ते त्याला कळलेलं बरं. अक्कलकोटच्या मंडळींना काय सांगायचं ते त्याचं तो ठरवील.

आणि एक वचन तुम्हाला देते. यापुढं या घरात जेवण झालं की मी एकेकाला नाव घेऊन हाक मारीन. मल्लूला, सूनबाईला, पारूला. ओ येईपर्यंत मारीन. त्या रविवारी मी दारात उभी राहून तुमचं नाव घेतलं नाही, कारण बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं आणि माणसं जमली होती. उद्या घेईन. सगळ्यांत शेवटी, तुमच्या पाटाकडे बघून, खणखणीत आवाजात घेईन.

तुम्ही मात्र ओ देऊ नका. पोरं घाबरतील.

तुमची,
सरस्वती